खंडेनवमीच्या टाकीतलं तेल

गेल्या महिन्यात आमच्या मजल्यावरच्या एक बाई माशाच्या तेलाच्या गोळ्यांची बाटली घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "याला माशाचा वास येतो हो." मी म्हटलं, "मग कशाचा यायला हवा, मोगऱ्याचा?" त्या फुरंगटून निघून गेल्या. जाऊ देत. सव्वीस वर्षं मी हीच तक्रार ऐकली. गिऱ्हाइकांकडून, विक्रीच्या माणसांकडून, खुद्द मालकांकडून. निवृत्त झाल्यावर तरी सुटका होईल असं वाटलं होतं, तर तक्रार बाटलीसकट दारात हजर. म्हणून दिवाळी अंकासाठी नोकरीतलं काहीतरी लिहा असा निरोप आला, तेव्हा ठरवलं की एकदाच काय ते सांगून टाकू.

माशाच्या तेलाला माशाचा हलका वास आला तर घाबरायचं कारण नाही. भिंतीला लावायच्या रंगाचा डबा उघडल्यासारखा वास आला तर घाबरा. आणि अजिबात कसलाच वास नसेल, तर तो कसा घालवला एवढं विचारा. नुसतं विचारा हो. कोणी विचारत नाही, हेच तर माझं सगळं रडगाणं आहे.

मी मूळची रत्नागिरीची. लग्न होऊन मद्रासजवळच्या आवडी गावी आले. नवरा संरक्षण खात्याच्या कारखान्यात, राहायला सरकारी क्वार्टर्स. रसायनशास्त्राची पदवी होती आणि घरात बसून डोकं फिरत होतं, म्हणून गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत माशाचं तेल शुद्ध करणाऱ्या एका लहान कारखान्यात केमिस्ट म्हणून लागले. वर्षभर करीन म्हटलं होतं. संध्याकाळी परतताना गाडीत माझ्या शेजारची जागा नेहमी रिकामी असायची, आणि माझी पर्स नवऱ्याने पहिल्या आठवड्यातच बाल्कनीत टांगली. ती शेवटपर्यंत तिथेच राहिली.

आता धंदा थोडक्यात सांगते. आपल्याकडची तारली, इथे तिला मत्ती म्हणतात, ती बोटीतून उतरते तिथेच निम्मं तेल ठरलेलं असतं. बर्फ कमी पडला, मासा चार तास उन्हात राहिला, की तेलात आंबटपणा चढलाच. मग किनाऱ्यावरच्या कारखान्यात मासा वाफेवर शिजवतात आणि दाबून तेल काढतात. कमी शिजला तर तेल सुटत नाही. जास्त शिजला तर त्याचा लगदा होतो, तेल काळपट येतं आणि त्यात गाळ उतरतो. हे पिंपांत भरून आमच्याकडे येई. आम्ही त्यातला आंबटपणा धुवायचा, मातीतून गाळून रंग काढायचा, थंड करून मेण वेगळं करायचं आणि शेवटी हवा काढून घेतलेल्या भांड्यात वाफ सोडून वास उडवायचा. यात कुठेही उष्णता जास्त झाली किंवा हवा लागली, की तेल बिघडायला सुरुवात.

आणि आमच्या मुदलाळींचा एकच मंत्र, "अम्मा, जरा जास्त तापवा की." मुदलाळी म्हणजे मालक. माणूस प्रेमळ होता, माझ्या मुलीच्या लग्नात दोन दिवस राबला. पण तापवलं की वास लवकर जातो, एवढंच त्यांना आयुष्यात कळलं होतं. ज्या गुणासाठी लोक हे तेल घेतात तो गुणही त्याच तापात मरतो, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. गाढवापुढे वाचली गीता. ते "सरी, सरी अम्मा", म्हणजे बरं बरं, म्हणायचे आणि माझी पाठ वळली की ऑपरेटरला सांगायचे, दहा डिग्री वाढव.

तो ऑपरेटर वाढवायचा नाही. त्याचं नाव सेतुराव. तंजावरकडचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या तिकडे राहिलेले. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. सगळ्या कारखान्यात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, आणि त्यांचं मराठी असं की सुरुवातीला मी अर्धं अंदाजाने समजून घ्यायची. ताल तमिळ, मधूनमधून शब्द तमिळ, आणि बाकीचं माझ्या आजेसासूच्या पत्रांत असायचं तसं. मला ते "बाई" म्हणत. मुदलाळी सोडून बाकी सगळे मॅडम.

शिक्षण आठवी, पण तेल त्यांना कळायचं. एकदा सलग तीन आठवडे तेल आमच्याकडून चांगलं निघायचं आणि टाकीत पोचेपर्यंत बिघडायचं. मी नमुने तपासून तपासून वेडी झाले. सेतुरावांनी एक दिवस पांढरं फडकं आणून माझ्या टेबलावर ठेवलं. त्यावर हिरवट डाग. मुदलाळींनी टाकीच्या नळीवरचा स्टीलचा कॉक बदलून स्वस्तातला पितळी बसवला होता, छान चकाकतो म्हणून. तांब्याचा नुसता स्पर्श या तेलाला पुरतो, आणि पितळेत तांबंच तर असतं. हे कॉलेजात शिकलेली मी, आणि शोधलं कोणी, तर फडकं मारणाऱ्याने. मला इतका राग आला स्वतःचा की दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. त्यांनी तेही मनावर घेतलं नाही.

गिऱ्हाइकं तर विचारू नका. एकाला तेल पाण्यासारखं पांढरं हवं होतं, एकाला सोनेरी, कारण डब्यावर चित्र सोनेरी छापून झालं होतं. त्यातल्या त्यात मला आवडायचा तो कासिमेडू बंदरावरचा होड्या बांधणारा म्हातारा. तो रिकामे डबे घेऊन यायचा आणि म्हणायचा, "सगळ्यात खराब असेल ते द्या." दोन बोटांत तेल चोळून किती चिकट झालंय ते बघायचा. चांगलं ताजं तेल दिलं की परत करायचा, हे लाकडावर वाळत नाही म्हणून. बिघडलेलं तेल हवेत घट्ट होतं आणि होडीच्या फळ्यांवर साय धरतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आमच्या विक्रीच्या साहेबांपेक्षा त्याला रसायनशास्त्र जास्त येत होतं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. तेल बिघडतं ते दोन टप्प्यांत. हवा लागली की आधी पेरॉक्साइड तयार होतं. ते मोजायची एक परीक्षा आहे, तो पहिला आकडा. मग ते पेरॉक्साइड फुटतं आणि त्यातून कुबट वासाची, पोटाला नको असलेली द्रव्यं निघतात. ती मोजायची दुसरी परीक्षा, तो दुसरा आकडा. गंमत अशी की बिघडलेलं तेल पुन्हा तापवलं की पहिला आकडा झर्रकन खाली येतो. कागदावर तेल पुन्हा कुमारिका. पण गेलं कुठे ते? फुटून दुसऱ्या आकड्यात जाऊन बसलं. आंबलेलं सांबार उकळलं की फेस जातो, आंबणं जात नाही, तसंच. आणि निम्मी गिऱ्हाइकं पहिलाच आकडा विचारतात.

तर आयुधपूजा. मद्रासकडचे कारखाने या दिवशी बघावेत. चार दिवस आधीपासून यंत्रं धुतात, पुसतात, चंदनाचे पट्टे ओढतात, कुंकू लावतात. केळीचे खांब, चुरमुरे, डाळं, गूळ. दारात कोहळा फोडतात. आणि त्या दिवशी एकाही यंत्राला, हत्याराला हात लावायचा नाही, सगळ्यांना विश्रांती. बाकी सगळे आयुधपूजा म्हणत, सेतुराव एकटे खंडेनवमी म्हणत. हा शब्द मी त्यांच्याकडून वीस वर्षांनी पुन्हा ऐकला.

माझ्या नोकरीच्या सतराव्या वर्षी, आयुधपूजेच्या वेळी, आमच्या टाकीत नुकतंच शुद्ध केलेलं तेल होतं. अड्यारला ऑफिस असलेली एक कंपनी लहान मुलांसाठी टॉनिक काढायची, त्यांच्यासाठीचं. टिकवण्यासाठी त्यात जे घालतात ते सुट्टीनंतर घालायचं होतं. तोवर हवा लागू नये म्हणून टाकीत तेलावर नायट्रोजनचा वायू सोडलेला. सिलिंडर सतत चालू, त्याचा बारीक फुस्स आवाज.

पूजेच्या आदल्या दिवशी मी रजेवर होते. घरी पाहुणे, कढईत तेल, आणि सेतुरावांचा पाचवा फोन. बॉयलर बंद केला, पंप बंद केले, अमुक बंद केलं. मग म्हणाले, "मुदलाळींच्या आई आल्यात. म्हणतात, उद्यां कशाचाही आवाज नको. नायट्रोजनचा सिलिंडरही बंद करायचा कां, बाई?"

मी ऐकलं. नीट ऐकलं. मला कळलंही. पण मी वैतागले होते. "सेतुराव, सगळं म्हणजे सगळं. एक दिवसाने काय होणार आहे? किती वेळा विचाराल?" असं म्हणून मी फोन ठेवला.

एक दिवस नव्हताच तो. पूजा, दसरा, मग रविवार आणि सोमवारी वीज नाही, असे चार दिवस झाले. टाकीही भरलेली नव्हती, वर हवेला भरपूर जागा होती; त्यातलं बरंच तेल आदल्या दिवशी पिंपांत काढून बाजूला नेलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. वरचं झाकण उघडून पुसून, कुंकू लावून परत ठेवलं होतं, सैल. तेल अजून कोमट. मंगळवारी मी नमुना घेतला आणि पहिला आकडा बघून पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा घेतला. तोच. बैल गेला आणि झोपा केला, तसं मी धावत जाऊन सिलिंडर चालू केला. आता त्याचा काय उपयोग होता?

मुदलाळींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग पुन्हा तापवा. आकडा खाली येईल. अड्यारवाले तेवढाच आकडा विचारतात."

मी अड्यारला फोन केला. खरेदीवर पुण्याचा एक पोरगा होता, ओंकार, मला काकू म्हणायचा. त्याला आडून विचारलं, दुसरा आकडा लागतो का रे तुम्हाला? तो म्हणाला, "काकू, आमच्या कागदात फक्त पेरॉक्साइड आहे. जास्त माहिती दिलीत तर वरचे मलाच प्रश्न विचारतील. प्लीज." घ्या. मुलांच्या टॉनिकाचं तेल, आणि प्रश्न नकोत.

मी मुदलाळींना सांगितलं की मी या तेलाच्या सर्टिफिकेटवर सही करणार नाही. टाकी फुकट गेली.

मुदलाळी म्हणाले, "अम्मा, तुम्ही सही केली तर काहीच घडलेलं नाही. सिलिंडर कोणी बंद केला हे मला विचारायची गरज नाही. सही केली नाहीत तर टाकी बुडाली. मग मला कारण लिहावं लागेल, आणि माणूस काढावा लागेल."

माणूस म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती. सेतुरावांना निवृत्तीला चौदा महिने उरले होते. त्यांच्या बायकोचे, वत्सलाबाईंचे, दोन्ही गुडघे गेले होते आणि ऑपरेशन त्यांच्या कामगार विम्याच्या ईएसआय कार्डावर ठरलं होतं. नोकरी गेली की कार्ड गेलं.

मी म्हटलं, "सिलिंडर बंद करायला मी सांगितलं. फोनवर. त्यांनी विचारलं होतं."

मुदलाळी हसले. कुचेष्टेने नाही, मायेनेच. "तुम्ही दोघं एका भाषेची माणसं. तुम्ही त्याला वाचवणारच, मला माहीत आहे." मी म्हटलं, तुमच्या आई तिथे उभ्या होत्या, त्यांना विचारा. ते म्हणाले, "आईला मराठी कुठे येतं?"

आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःची चूक कबूल करत होते आणि ती घ्यायला कोणी तयार नव्हतं. कपाळाला हात लावावा, नाहीतर काय करावं. मी म्हटलं, बोलवा सेतुरावांना.

ते आले. हात पुसत उभे राहिले. मुदलाळींनी तमिळमध्ये विचारलं, सिलिंडर बंद करायला कोणी सांगितलं? सेतुराव माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडमनी चालू ठेवायला सांगितलं होतं. मीच बंद केला."

बाहेर पिंपांच्या रांगेत मी त्यांना गाठलं आणि जे तोंडाला येईल ते बोलले. हे काय थोतांड, कोणी सांगितलं होतं तुम्हाला मोठेपणा करायला, बायकोच्या गुडघ्यांचं काय, घरी काय सांगणार. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "बाई, तुम्हीं सांगितलांत, मी केलों, खरं. पण तुम्हीं गेलांत तर तुमच्या खुर्चींत जो येईल, तो सही करील. आज करील, उद्यां करील. मी गेलों तर काय? पंप दुसरा कोणी लावील."

"आणि वत्सलाबाईंचं ऑपरेशन?"

"परवाइल्लै," ते म्हणाले. चालेल, काही हरकत नाही. मग म्हणाले, "तिला मी सांगेन कांहीतरी."

मला त्यांचा भयंकर राग आला होता, अजून येतो. दुसऱ्याने आपल्यासाठी असं काही करून ठेवलं की आपल्याला धड नाकारता येत नाही आणि धड झोपही लागत नाही. आता तुम्ही म्हणाल, मी राजीनामा देऊन मोकळी व्हायचं होतं. हो. देता आला असता. दोन दिवस तो पर्समध्ये घेऊन फिरले. नवऱ्याची निवृत्ती आली होती, क्वार्टर्स सोडायच्या होत्या, नव्या घराचं चाललं होतं, ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही पुरेसं नाही. मी तो दिला नाही, बस.

टाकीतलं तेल चामडी कमावणाऱ्यांनी नेलं. त्यांना ते चालतं. अड्यारला नवं तेल दिलं, उशिराने, आणि ओंकारने आठवडाभर माझा फोन घेतला नाही.

मग कारणाचा कागद आला. घटनेचा अहवाल केमिस्टनेच लिहायचा, अशी आमच्याकडे पद्धत. मुदलाळींनी इंग्रजीत सांगितलं आणि मी लिहिलं. 'कारण' या रकान्यात 'ऑपरेटर्स निग्लिजन्स'. ऑपरेटरचा निष्काळजीपणा. खाली माझी सही, त्याखाली सेतुरावांची. ते टेबलाशी वाकून एकेक अक्षर लावत वाचत होते. मला वाटलं, आता तरी म्हणतील की हे खोटं आहे. म्हणाले असते तर मी तो कागद तिथेच फाडला असता, अशी मी स्वतःची समजूत घातलेली आहे.

ते मराठीत म्हणाले, "बाई, हा शब्द तेवढा काढा. माझा नातू इंग्रजी वाचतो. चूक लिहा. चूक कोणाकडूनही होते."

मी 'निग्लिजन्स' खोडून 'मिस्टेक' लिहिलं. मी सही केली. सेतुरावांनी तमिळमध्ये सही केली, पेन टोपण लावून परत दिलं आणि कामाचे कपडे बदलायला गेले.

त्यानंतर नऊ वर्षं मी तिथे काढली. कोणी मला पुन्हा कधी सही करा म्हणून आग्रह केला नाही. एक टाकी बुडाली की सगळ्यांना अक्कल येते. दुसरा आकडा प्रत्येक कागदावर छापायला लागले, गिऱ्हाईक विचारो न विचारो, आणि तापमानाच्या काट्याला कुलूप लावून किल्ली माझ्याकडे आली. सेतुरावांच्या घरी मी दिवाळीला जायचे. वत्सलाबाई चहा आणायला उठायच्या तेव्हा मी "नको नको" म्हणत आधीच उभी राहायचे. ऑपरेशनचा विषय कोणी काढत नसे. पैसे देते म्हटलं एकदा, तर सेतुराव आठ दिवस माझ्याशी फोनवरही बोलले नाहीत.

माझ्या निरोपाच्या दिवशी शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. मुदलाळींनी मला शाल घातली आणि भाषण केलं. म्हणाले, "या बाईंनी सव्वीस वर्षांत एकाही खोट्या कागदावर सही केली नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सेतुरावांना मी मुद्दाम बोलावलं होतं. ते शेवटच्या रांगेत बसले होते, शेजारी वत्सलाबाई, हातात काठी. आणि ते दोघंही टाळ्या वाजवत होते.